आठ वाटांची बाग

देवाने हे जग घाईघाईत केलं आणि ते सरळ करून ठेवण्याचं काम आमच्या ड्रॉइंगच्या सरांवर सोपवलं, याविषयी सरांच्या मनात कधीच शंका नव्हती. आमच्या मनात असली तरी ती बोलून दाखवायला ते सवड देत नसत. मी त्यांचा शाळेतला विद्यार्थी, म्हणजे ज्याची सुरई पाहून त्यांनी "ही आजारी आहे का?" असं काळजीने विचारलं होतं, तो. आता माझेही केस पिकले, विम्याच्या कचेरीतून निवृत्त होऊन मी घरी बसलो, तरी रस्त्यात सर दिसले की माझा हात आपोआप कॉलरकडे जातो. कॉलर एका बाजूला वर राहिली असेल तर सर आधी ती खाली करणार, मग एक पाऊल मागे जाऊन एक डोळा मिटून बघणार, आणि त्यानंतर "कसा आहेस?" असं विचारणार. कॉलर बिघडली नसेल तर मी बरा असणारच, असा त्यांचा ठाम विश्वास.

सर उंच, काटकुळे, मधोमध भांग पाडणारे. शर्टाला ते शिंप्याकडून दोन खिसे लावून घेत, कारण एका खिशाचा शर्ट घातला की माणूस डावीकडे कलतो. डाव्या खिशात चष्मा आणि जपमाळ, उजव्या खिशात ओळंबा. गवंडी भिंत सरळ उभी आहे की नाही ते बघायला दोरीला बांधलेला जो पितळी लट्टू सोडतात, तो. इतर मास्तर खिशात पेन ठेवत, आमचे सर ओळंबा ठेवत, आणि कोणाच्याही घरी गेले की चहा येईपर्यंत तो काढून भिंतीला लावत. चहा येईस्तोवर यजमानांना आपलं घर कुठल्या बाजूला पडणार आहे ते कळलेलं असे. त्यामुळे आमच्या गावात सरांना चहाला बोलावणारे कमी होते आणि चहा लवकर आणणारे जास्त.

राजोडीला त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याचं निधन झालं, तेव्हा मी त्यांच्याबरोबर भेटायला गेलो होतो. घरभर रडारड. समोर टेबलावर हार घातलेला फोटो, बाजूला मेणबत्ती. सर फोटोपुढे हात जोडून इतका वेळ उभे राहिले की सगळ्यांना वाटलं, मनातल्या मनात प्रार्थना चाललीय. मग ते पुढे झाले, फोटोची डावी कड बोटभर उचलली, मागे आले, एक डोळा मिटला, पुन्हा पुढे गेले, केसभर खाली केली. शेवटी गेलेल्या माणसाच्या बायकोकडे वळून म्हणाले, "आता ठीक आहे." ती बिचारी रडता रडता "थँक्यू सर" म्हणाली. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्येही तेच. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, चालू असताना सर उठून समोरच्या अल्तारावरची मेणबत्ती सरळ करून येत. फादरांची बदली झाली की जुने फादर नव्या फादरांना चाव्यांच्या जुडग्याबरोबर मेणबत्त्यांची माहितीही देत असत.

अशा माणसाशी संसार कोणी केला, हा प्रश्न सगळ्यांनाच पडायचा. मावशींनी केला. मावशी म्हणजे सरांच्या पत्नी. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, भातशेतीच्या गावातून आलेल्या, आणि सरांच्या शुद्ध मराठीच्या शेजारी आपली गावची बोली आयुष्यभर बिनधास्त बोललेल्या. सरांनी आपल्या बायकोचं कौतुक माझ्यादेखत एकदाच केलं. तांदळाची भाकरी ताटात पडली तेव्हा तिच्याकडे टक लावून बघत म्हणाले, "आज भाकरी गोल आहे." मावशी म्हणाल्या, "रोजच असते. आज तुमची मान सरल हाय." मला हसू आवरेना. सर मात्र खरोखरच मान चाचपून बघत होते.

या वाकड्या जगात सरांना एकच गोष्ट पहिल्यापासून सरळ मिळाली होती, आणि ती म्हणजे बाजारामागची बाग. कोणा दानशूर वाडीवाल्याने फार पूर्वी आपली अर्धी वाडी मोडून ती गावासाठी करून दिली. मधोमध बँडचा अष्टकोनी चौथरा, वर कौलारू छप्पर. चौथऱ्यापासून आठ दिशांना आठ दगडी वाटा, प्रत्येक वाटेच्या कडेने पाण्याचा पाट, आणि वाटेच्या टोकाला एक झाड, झाडाखाली दगडी बाक. एका बाजूला विहीर. तिच्यावरचा रहाट फिरला की पाणी आठही पाटांतून आपोआप आठही झाडांपर्यंत जायचं, एकाला कमी नाही, एकाला जास्त नाही. हा उतार कोणी काढला, त्याचं नाव गावात कोणाला ठाऊक नाही. सर त्याचा उल्लेख "तो माणूस" असा करत, आणि तो उल्लेख करताना त्यांचा आवाज देवळातल्यासारखा खाली यायचा. "त्या माणसाने ओळंबा न लावता हे केलं असेल, यावर माझा विश्वास नाही," असं म्हणून ते स्वतःचा ओळंबा खिशावरून थोपटत.

बकुळीखालचं बाक सरांचं. शाळा सुटली की ते तिथे जाऊन बसत आणि समोरच्या देवळात संध्याकाळची घंटा वाजेपर्यंत उठत नसत. चौथऱ्यावर आपटून तो आवाज आठही वाटांनी पसरतो आणि बकुळीखाली बसलेल्या माणसाला तो सगळीकडून एकदम ऐकू येतो, असं सरांचं म्हणणं. मी अनेकदा कान देऊन ऐकलं, मला तो देवळाकडूनच ऐकू आला. पण तसं सांगायची सोय नव्हती. ही घंटा मावशींनी एकदा तरी त्या बाकावर बसून ऐकावी, एवढी एकच हौस सरांना होती. नवीन लग्न झालं तेव्हा दर रविवारी ते मावशींना घेऊन बागेत यायचे. मावशी यायच्या, वेणीत सोनचाफा माळून यायच्या, बकुळीची फुलं वेचायच्या, आणि अर्धा तास झाला नाही तोच उठायच्या. "चला, डाल भिजत घातलीय." पुढच्या रविवारी कपडे दोरीवर राहिलेले असायचे. त्याच्या पुढच्या रविवारी भुईगावची नणंद येणार असायची. सर वैतागायचे, पण उठायचे. घंटा त्यांना वाटेत, मच्छीबाजाराच्या कोपऱ्यावर गाठायची. काही वर्षांनी त्यांनी मावशींना आणणं सोडून दिलं. "आमच्या हिला बाग आवडत नाही," असं ते लोकांना सांगत, आणि सांगताना त्यांचा चेहरा असा पडायचा की ऐकणारा विचारी, "औषध चालू आहे का?"

बघता बघता गावाचं शहर झालं. बागेच्या चारी अंगांना टॉवर उभे राहिले. आसपासची बावखलं, म्हणजे वाड्यांना पाणी पुरवणारी आमची तळी, डेब्रिस टाकून बुजवली गेली. रहाट गंजला, पाटांत गुटख्याच्या पुड्या साठल्या, चौथऱ्याचं छप्पर एका पावसाळ्यात निम्मं खाली आलं. आणि मग बातमी आली की बागेचं नूतनीकरण होणार. सर आठवडाभर जेवले नाहीत, असं मावशी सांगत. नूतनीकरण म्हणजे काय ते त्यांनी इतरत्र पाहिलं होतं: फायबरची हरणं, रंगीत कारंजं आणि लाल बदामाच्या आकाराची सेल्फी काढायची जागा. त्यांनी गावातली पाचसहा निवृत्त माणसं गोळा केली आणि बाग समिती काढली. त्यात मीही होतो, कारण नकार देण्याइतकी माझी कॉलर सरळ नव्हती. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त बँक मॅनेजर घेतले. आम्हा सगळ्यांना चौथऱ्याभोवती बसवून सरांनी पुन्हा शाळा भरवली.

कामावरची इंजिनिअर म्हणजे चंदनसारहून स्कूटरवर येणारी एक तरुण मुलगी. पहिल्या भेटीत सरांनी तिच्या हेल्मेटचा पट्टा सरळ केला. तरीही ती दुसऱ्या दिवशी आली, यावरून ती चांगल्या घरची असल्याचं सरांनी ओळखलं. तिने त्यांचं खूप ऐकलं, हे मान्य केलं पाहिजे. वाटांचे दगड उखडून पेव्हर ब्लॉक बसणार होते, ते रद्द झाले. दिव्यांचे खांब सरांच्या सांगण्यावरून झाडांच्या मागे गेले. पाट साफ झाले, छपरावर तसलीच जुनी कौलं चढली, पिण्याच्या पाण्याचा नळ विहिरीच्या कठड्यात असा लपवला की लोकांना तो शोधावा लागे. फक्त एका गोष्टीवर गाडी अडली.

"सर, टॉयलेट तरी टाकावं लागेल ना," ती म्हणाली. "पब्लिक गार्डन आहे."

"कुठे टाकणार? ही आठ वाटांची बाग आहे. आठ वाटांना नववी नको."

"पण सर, लेडीजना खूप प्रॉब्लेम होतो."

"लेडीज घरी जातात," सर म्हणाले. "आमची हीसुद्धा जायची."

"मॅडम येत नाहीत आता?"

"नाही. तिला बाग आवडत नाही."

ती मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग हेल्मेट घालून निघून गेली. टॉयलेट बाजाररस्त्याच्या पलीकडे नेण्याचं ठरलं आणि ते पलीकडेही कधी झालं नाही. "आठ वाटांना नववी नको" हे वाक्य मात्र समितीला इतकं आवडलं की अध्यक्ष ते एकदा लग्नाच्या भाषणातही म्हणाले. ते तिथे कसं बसलं, ते अजून मला कळलेलं नाही.

बाग उघडली त्या दिवशी चौथऱ्यावर लग्नातल्या बँडवाल्यांनी वाजवलं. सर सगळ्या वाटांवरून एकेकदा चालून आले आणि बकुळीखाली बसून रुमालात तोंड लपवून रडले. मावशी आल्या नव्हत्या. त्यांच्या पोटात दुखत होतं. हे दुखणं तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं आणि कोणी ते फारसं मनावर घेतलं नव्हतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं की सर घंटेच्या आधी उठायला लागलेत. इतकी वर्षं जो माणूस त्या बाकाला चिकटून बसला, तो अर्धा तास झाला की चुळबुळ करायचा, पाय एकावर एक घ्यायचा, घड्याळ बघायचा आणि "घरी पाहुणे येणार आहेत" म्हणून चालू पडायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहुणे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "कपडे दोरीवर आहेत." सरांनी जन्मात कधी दोरीवरून कपडे काढले नव्हते. मग एके दिवशी बाजाराच्या कोपऱ्यावर ते भिंतीला धरून उभे दिसले, चेहरा घामाने डबडबलेला. मी धावत गेलो. "काय झालं सर?" तर मला म्हणाले, "हळू बोल. घरापर्यंत चल माझ्याबरोबर." वाटेत त्यांनी कबूल केलं की पुरुषांना त्या वयात होतो तो त्रास त्यांना जडला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, पण अर्ध्या तासाच्या वर थांबवत नव्हतं. बोलताना ते शाळेतल्या मुलासारखे खाली बघत होते, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

घरी मावशी ओटीवरच्या खाटेवर पडून होत्या. गोल चेहरा उतरून गेला होता. सर घाईने आत जाऊन आले, तेव्हा त्या हसल्या.

"आज पन घंटेच्या आधी?"

"तुला काय कळणार," सर चिडून म्हणाले. "माणसाला थांबवत नाही म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच माहीत."

मावशी त्यांच्याकडे कुशीवर वळल्या. मग म्हणाल्या, "मना कलनार नाय? लगीन झाल्यापासून दुसरं काय केलं मी तुमच्या बागेत?"

सरांना समजलं नाही. मला समजलं आणि तिथून निघून जावंसं वाटलं, पण मावशींनीच हाताने खुणावून मला बसवलं.

"रविवारी बागेत जायचं म्हटलं की दुपारपासून पानी नाय प्यायची. तोंड कोरडं पडायचं. तरी अर्ध्या तासाच्या वर नाय व्हायचं. तुमी त्या आठ वाटांचं सांगत असायचे, माजं लक्ष कुठं असनार?"

"म्हणजे... तुला बाग आवडायची?"

"बकुलीखाली बसायला कोनाला नाय आवडनार?"

"मग सांगायचं होतंस!"

"काय सांगू? नवऱ्याला सांगायची गोष्ट हाय ती? आनि सांगून तुमी काय केलं असतं? डाल भिजत घातलीय म्हटलं की तुमी लगेच उठायचे. तेवढं पुरं होतं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, सरांना काहीतरी उत्तर तरी देता आलं असतं. सर खाटेच्या पायाशी बसले. बराच वेळ त्यांनी खिशातला ओळंबा बाहेर काढून मुठीत धरला होता. कशाला काढला, ते त्यांनाही माहीत नसावं. शेवटी एवढंच म्हणाले, "मी लोकांना सांगत आलो, तुला बाग आवडत नाही." मावशी म्हणाल्या, "ते मना म्हाईत हाय." मी घरी आलो आणि बायकोकडे बघत बसलो. तिने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर इंजिनिअर मुलीच्या पुढ्यात हजर. हातात स्वतः काढलेला नकाशा. बकुळीखालचं त्यांचं बाक काढून त्याच्या मागे, मेंदीच्या कुंपणाच्या आड, चौथऱ्यासारख्याच कौलांची छोटी इमारत. बायकांचं आणि पुरुषांचं वेगवेगळं, आत पाणी, आत खुंटी, पिशवी ठेवायला कट्टा. वाट तीच आठवी, बाकाच्या जागेवरून पुढे नेलेली, नववी नाही.

"सर, पण तुमचं बाक?" ती म्हणाली.

"सात बाकं राहतील. पुरे झाली. ही इमारत मे महिन्याच्या आत व्हायला हवी. आमच्या हिला आणायचंय."

डॉक्टरांनी मावशींच्या पोटातली गाठ दाखवून घरच्यांना जे सांगितलं होतं, ते त्या मुलीला ठाऊक नव्हतं. मला होतं.

पण आता समिती आडवी आली. सरांनी आम्हाला इतकं पक्कं शिकवलं होतं की त्यांचंच शिकवणं त्यांच्या वाटेत उभं राहिलं. अध्यक्ष म्हणाले, "सर, तुम्हीच म्हणालात ना? बकुळीचं बाक हलवणं म्हणजे आराखड्याचा खून आहे. हे तुमचेच शब्द." बाकीच्यांनी माना डोलावल्या. वर्गात कधी न ऐकणारे विद्यार्थी म्हातारपणी एकदम हुशार झाले होते. सर आधी त्यांच्यावर ओरडले, मग त्यांना समजावलं, मग ते थांबले. एवढा मोठा माणूस, पण "संडास" हा शब्द आपल्या बायकोच्या नावाशेजारी ठेवायची वेळ आली तेव्हा तो समोरच्या कपाचा कान सरळ करत राहिला.

"माझी बायको या बागेत यायची तेव्हा दुपारपासून पाणी प्यायची नाही," सर म्हणाले. "का, ते मी तिला कधी विचारलं नाही. तुमच्या बायका येतात का बागेत? किती वेळ बसतात? आज घरी जाऊन विचारा, आणि मग मला आराखडा शिकवा."

चहा तसाच निवला. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी सकाळीच फोन करून मंजुरी कळवली. रात्री त्यांच्या घरी काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. आमच्याही घरी तेच झालं होतं.

काम सुरू झालं, पण काम म्हटलं की वाळू येत नाही, वाळू आली तर माणसं येत नाहीत. सर रोज दोनदा जात आणि गवंड्याला एकच विचारत, "कधी होणार?" पूर्वी हाच प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला असता तर ते म्हणाले असते की घाईचं काम सैतानाला द्यावं. इकडे मावशी दिवसागणिक खाटेत बुडत चालल्या होत्या. एका दुपारी मी सरांबरोबर गेलो तेव्हा बायकांच्या बाजूची भिंत उभी झाली होती. सरांनी सवयीने ओळंबा काढला, दोरी सोडली. लट्टू भिंतीपासून बोटभर लांब लटकत राहिला. भिंत पुढे झुकली होती, साध्या डोळ्यांना ते कळत नव्हतं पण झुकली होती. गवंड्याने ते पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला, कारण सरांची ख्याती त्याच्या कानावर होती.

"तोडू का सर? पडायची नाही, मजबूत आहे. पण तुम्ही बोललात तर तोडतो. परत बांधायला पंधरा दिवस जातील."

सर त्या लट्टूकडे बघत राहिले. मग दोरी बोटाभोवती गुंडाळत गुंडाळत त्यांनी ओळंबा खिशात टाकला.

"नको. छप्पर चढवा," ते म्हणाले.

खरं सांगतो, त्या क्षणी मला भीती वाटली. ज्याने मेलेल्या मित्राचा फोटो वाकडा राहू दिला नाही, त्याने भिंत वाकडी ठेवली, म्हणजे मावशींचं आता काही खरं नाही, हे मला डॉक्टरांच्या सांगण्यापेक्षा त्या एका "नको"ने पटलं.

मावशी बागेत आल्या त्या देवळातून मागून आणलेल्या चाकाच्या खुर्चीवर. फुलाफुलांचं लुगडं, वेणी उरलीच नव्हती म्हणून सोनचाफा पदराला खोचलेला. तोवर डॉक्टरांनी नळी लावून दिली होती, खुर्चीच्या बाजूला पिशवी टांगलेली होती. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला, त्याची मावशींना आता गरजच उरली नव्हती. सरांनाही ते ठाऊक होतं. तरी मावशी म्हणाल्या, "आधी ते दाखवा." सरांनी खुर्ची आत नेली. इंजिनिअर मुलगी मुद्दाम आली होती, ती दाराशी उभी राहिली. मावशींनी नळ सोडून बघितला. "पानी येतं," म्हणाल्या. खुंटी बघितली, कट्टा बघितला. मग भिंतीवर हात ठेवला आणि मान तिरकी करून बघत राहिल्या. इतकी वर्षं सरांच्या घरात काढली होती त्यांनी.

"अहो, भिंत वाकडी हाय."

"माहीत आहे," सर म्हणाले.

"आनि तुमी ठेवली?"

"पाडली असती तर उशीर झाला असता."

बाहेर आल्यावर मावशींनी बकुळीखाली खुर्ची लावायला सांगितली आणि पाणी मागितलं. इंजिनिअर मुलीने विहिरीच्या कठड्यातला नळ शोधून बाटली भरून आणली. मावशींनी ती दोन्ही हातांनी धरली आणि सावकाश, मध्ये मध्ये थांबून, शेवटच्या घोटापर्यंत संपवली. सर उभ्या उभ्या बघत होते. मग घंटा वाजली.

"एवडी मोठी वाजते?" मावशी म्हणाल्या. "सगलीकडून येते हो."

मी या खेपेला पुन्हा कान देऊन ऐकलं. मला ती देवळाकडूनच ऐकू आली. पण सरांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी मान हलवली.

पावसाळा तोंडावर असताना मावशी गेल्या. सरांनी त्यांच्या फोटोला हात लावला नाही, तो भाच्यांनी लावला तसा राहिला. आता सर चौथऱ्याच्या पायरीवर बसतात, कारण त्यांचं बाक उरलं नाही. बाजारात भाजी विकून झाली की बायका टोपल्या घेऊन बागेत येतात, पाय पसरून बसतात, शेंगा खातात, सालं पाटात टाकतात आणि घंटा वाजून गेली तरी मोठमोठ्याने हसत बसतात. पूर्वी सरांनी त्यांना वर्गाबाहेर काढलं असतं. परवा मी शेजारी जाऊन बसलो तर म्हणाले, "बघ, कोणी उठत नाही." मग थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "कोणाची डाळ भिजत नाही."

गेल्या महिन्यात ती इंजिनिअर मुलगी एका गवंड्याला घेऊन आली होती. दुरुस्तीच्या कामात ती भिंतही सरळ करून देते, म्हणाली. सरांसाठीच तिने ते मंजूर करून आणलं होतं. सर उठून भिंतीपाशी गेले. मावशींनी जिथे हात ठेवला होता, तिथे त्यांनी हात ठेवला. खिसा त्यांनी चाचपलाही नाही.

"नको बाळ," ते म्हणाले. "ही तिने बघितलीय."

मग तिच्या हेल्मेटचा पट्टा सरळ करून ते पुन्हा पायरीवर येऊन बसले.